कूलर चालू, खिडकी बंद: आखाजीला हवेत बंद पडलेल्या हरिकेनचं प्रकरण

अमळनेर तालुक्यातल्या एका गावाबाहेर मुरमाची धावपट्टी आहे, १३० मीटर लांब आणि १४ मीटर रुंद. पूर्वेला कपाशीचं रान, पऱ्हाटी उपटून नांगरून टाकलेलं. पश्चिमेला बांध आणि बांधावर बाभळी. डिसेंबर ते फेब्रुवारी या पट्टीवरून बिनतक्रार नऊ वेळा उडालेलं १/५ स्केलचं हॉकर हरिकेन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं रिमोटवर उडणारं मॉडेल, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) संध्याकाळी, दहाव्या उड्डाणात, चौथ्या मिनिटाला हवेतच बंद पडलं आणि नांगरटीत उतरलं. चाकाचा डावा पाय मुळासकट उपटला. दोष इंजिनाचा नव्हता, कार्ब्युरेटरचा तर नव्हताच. तरी पुढचे आठ दिवस सगळ्यांचे हात कार्ब्युरेटरच्याच स्क्रूवर होते.

बांधणारा भुसावळचा, रेल्वेत फिटर. उडवणारा त्याचा भाचा. पुढे दोघांना मामा आणि भाचा असंच म्हटलं आहे.

विमान

असल हरिकेनचा पंखविस्तार १२.१९ मीटर, म्हणजे सरळ ४० फूट. पाचाने भागलं की २४३८ मिमी. त्यातल्या मार्क दोन-सी या प्रकाराची लांबी ९.८४ मीटर, मॉडेलची १९६८ मिमी. पंखाच्या क्षेत्रफळाला मात्र पंचवीसने भागायचं, तिथे नवखे हमखास चुकतात. ते येतं सुमारे ९६ चौरस डेसिमीटर. रिकाम्या टाकीचं वजन ११.६ किलो. म्हणजे चौरस डेसिमीटरला १२१ ग्रॅम. या आकाराच्या युद्धविमानाला हा भार बेताचाच.

पुढचा सांगाडा लाइट प्लायच्या पेटीचा, फायरवॉल (इंजिन जिला बसतं ती भिंत) ६ मिमी बर्च प्लायचे दोन थर चिकटवून १२ मिमीची. मागचा अर्धा भाग बाल्साच्या लांब पट्ट्यांवर पॉलिस्टर कापड ताणून केलेला. असल विमानातही मागचा भाग कापडीच होता, त्यामुळे इथे स्केल आणि हलकेपणा दोन्ही एकाच खर्चात साधतात. पंखावर २.४ मिमी बाल्सा आणि त्यावर २५ ग्रॅमचं काचकापड. इंजिन ५५ सीसी, एक सिलिंडर, टू-स्ट्रोक पेट्रोल, उलटं बसवलेलं, कार्ब्युरेटर मागे. पेट्रोलमध्ये तेल ३० ला १. प्रॉप, म्हणजे प्रोपेलर, २२×१० इंची लाकडी.

रंगसंगती आग्नेय आशिया कमांडची, गडद आणि फिकट निळ्या वर्तुळांची. जपानी विमानांवरच्या लाल गोळ्याशी गल्लत नको म्हणून त्या आघाडीवर खुणेतला लाल रंग काढून टाकला होता. याच खुणा घेऊन १९४४ साली भारतीय वायुसेनेतली अर्जन सिंग यांची १ नंबरची स्क्वाड्रन इम्फाळवर आणि मेहर सिंग यांची ६ नंबरची आराकानवर हरिकेन उडवत होती. एक हरिकेन दिल्लीत पालमच्या वायुसेना संग्रहालयात आहे. स्केल करणाऱ्याने ते एकदा समोर उभं राहून, विशेषतः पोटाखालून, पाहावं. पोटाखालून का, ते पुढे कळेल.

नियमांचं थोडक्यात: ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५ किलोपर्यंतचं, छंदासाठी आणि नजरेच्या टप्प्यात उडवलेलं मॉडेल टाइप सर्टिफिकेटच्या अटीतून सुटतं. हिरव्या क्षेत्रात १२० मीटरची उंची ओलांडायची नाही. जळगावचा विमानतळ इथून बराच लांब आहे, तरी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उड्डाणाच्या दिवशी पाहायचाच.

नाक आखूड, शेपूट लांब

हरिकेनचं नाक आखूड आहे. असल विमानात तिथे मर्लिन बसतं, बारा सिलिंडरचं आणि सहाशे किलोच्या वरचं. मॉडेलमध्ये त्या जागी दीड-दोन किलोचं इंजिन येतं आणि शेपटाचं लाकूड मात्र तेवढंच राहतं. त्यामुळे प्रत्येक हरिकेन बांधून झालं की शेपटाकडे झुकतं. या विमानाचा गुरुत्वमध्य सरासरी कॉर्डच्या (पंखाच्या पुढून मागच्या रुंदीच्या) २७ टक्क्यांवर आणायला नाकात ४१० ग्रॅम शिसं घालावं लागलं. तेही पुरेना म्हणून मामाने इग्निशन आणि रिसीव्हरचे दोन बॅटरी पॅक, मिळून ३२० ग्रॅम, शक्य तितके पुढे सरकवले. जागा एकच रिकामी दिसत होती: काऊलच्या, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाच्या, तळाशी, फायरवॉलच्या पुढे. तिथे प्लायचा ट्रे केला, स्पंजात गुंडाळलेले पॅक वेलक्रोने बांधले. सीजी, म्हणजे गुरुत्वमध्य, मिलिमीटरवर आला आणि सगळे खूश झाले.

ती जागा रिकामी ठेवलेली होती, कारण ती हवा बाहेर पडायची वाट होती.

आखाजीची संध्याकाळ

आखाजीला खानदेशात सगळं माणूस घरी येतं. माहेरवाशिणी, जावई, पुण्या-सुरतेची पोरं. दुपारची पुरणपोळी आणि आमरस जिरला नव्हता तोच विमान पाहायचा हट्ट झाला. पट्टीवर पोहोचले तेव्हा साडेचार वाजले होते आणि सावलीत ४२ अंश होते. आधीची नऊही उड्डाणं सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यानची, १४ ते २२ अंशांतली.

पाहुणे टप्प्याटप्प्याने येत गेले म्हणून इंजिन दोनदा सुरू करून दाखवलं. दुसऱ्यांदा चार मिनिटं आयडलवर, म्हणजे सगळ्यात संथ गतीवर. जमिनीवर उभ्या विमानात आयडलला प्रॉप जेमतेम वारा देतो आणि काऊलच्या आत सगळं भाजत राहतं. मग उड्डाण. पहिली दोन मिनिटं ठीक. तिसऱ्या मिनिटाला पूर्ण थ्रॉटलवर दोन सखल फेऱ्या, पाहुण्यांसाठीच. त्यानंतर चढताना आवाज बसला. बंद नव्हे, बसला. जड गाडी घाटात चढताना बसतो तसा.

"मामा, थ्रॉटल पूर्ण दिलाय, पण ओढत नाहीये."

"कमी कर. कमी कर आणि पट्टीकडे वळव."

भाच्याने कमी केला तसं इंजिन थांबलं. उंची ४० मीटरच्या आसपास, विमान वाऱ्याच्या दिशेने निघालेलं, पट्टी मागे. त्याने वळवायचा मोह टाळला ते बरं झालं. १२१ ग्रॅमच्या भाराचं विमान इंजिनाशिवाय तिरपं वळवलं की आतला पंख स्टॉल होतो, म्हणजे उचल सोडतो, आणि मग उरतात ती लाकडं. सरळ पुढे नांगरटीत उतरायचं ठरलं. पण सवयीने चाकांचा स्विच पडला. ढेकळांत पोटावर उतरायचं असतं, चाकं आत ठेवून. चाकं खाली आली, डावं ढेकळात अडकलं, विमान भिंगरीसारखं फिरून थांबलं.

नुकसान: डाव्या पायाची प्लेट उपटलेली, पंखातल्या दोन रिब (फासळ्या) चिरलेल्या, डावा फ्लॅप, प्रॉपचं एक पातं, काऊलच्या तळाला तडा. बाकीचा पंख आणि शेपूट शाबूत.

आधी कार्ब्युरेटरला धरलं

इंजिन चाळीस मिनिटं थंड झालं आणि नवा प्रॉप लावून दुसऱ्याच झटक्याला सुरू झालं, काऊलशिवाय. टॅकोमीटरवर ६६५० फेरे, जानेवारीत होते तेवढेच. इथेच खरं तर उत्तर होतं. काऊल काढलं की चालतं आणि थंड असताना चालतं, तर गुन्हेगार काऊलच्या आत आहे. पण जमलेल्यांपैकी प्रत्येकाने कधी ना कधी स्कूटरचं कार्ब्युरेटर उघडलेलं होतं, त्यामुळे चर्चा मिश्रणावर गेली.

मिश्रणाची बाजू अगदीच खोटी नव्हती, म्हणून ती मांडायला हवी. उन्हाळ्यात हवा विरळ होते. १५ अंशांच्या सकाळी आणि ४२ अंशांच्या संध्याकाळी इथल्या हवेच्या घनतेत साधारण दहा टक्क्यांचा फरक पडतो. हवा कमी आणि निडल (पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा स्क्रू) तीच, म्हणजे मिश्रण आपोआप श्रीमंत, पेट्रोल जास्त असलेलं, होतं. धूर वाढतो, सायलेन्सरच्या तोंडाशी काळं तेल दिसतं. मार्चमध्ये मामाने हे पाहिलं आणि हाय निडल, म्हणजे पूर्ण थ्रॉटलची निडल, एक अष्टमांश फेरा आवळली. इथपर्यंत शहाणपणाचंच. पण तेवढ्यात पेट्रोलही बदललं होतं. आधीचा साठा जुना होता, नवा कॅन ई-२० चा, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचा. इथेनॉल स्वतःच ऑक्सिजन घेऊन येतं, त्यामुळे तेवढ्याच हवेला ते पेट्रोल थोडं जास्त लागतं. एकीकडून निडल आवळली, दुसरीकडून इंधनच पातळ पडलं. मिश्रण गरजेपेक्षा गरीब झालं, आणि गरीब मिश्रण सिलिंडर तापवतं.

पण एवढ्याने इंजिन चौथ्या मिनिटाला मरत नाही. निडल पुन्हा जानेवारीच्या जागेवर नेऊन आणि काऊल लावून जमिनीवर चालवलं तेव्हाही, सकाळी २७ अंशांत, अडीच मिनिटांनी आवाज बसू लागला. निडलने फक्त घटका जवळ आणली होती.

धूळ कुठे बसली होती

काऊल उलटं करून टॉर्च मारला तेव्हा प्रकरण वाचता आलं. या रानात काळ्या मातीची धूळ पिठासारखी असते आणि तेलकट पृष्ठभागावर बसली की उठत नाही. जिथे हवा वाहते तिथे ती बसत नाही; जिथे हवा थांबते तिथे थर देते. काऊलच्या आत वरच्या दोन्ही कोपऱ्यांत आणि सिलिंडरच्या मागे राखाडी, बोटाने ओरबाडता येईल असा थर होता. स्पिनरखालच्या (प्रॉपवरच्या टोकदार टोपीखालच्या) तोंडापासून सिलिंडरच्या दोन्ही बाजूंनी मात्र दोन स्वच्छ पट्टे गेलेले, नदीच्या पात्रात बेटाच्या दोन्ही अंगांनी पाणी जावं तसे. सिलिंडर हे बेट होतं. हवा येत होती, त्याला वळसा घालत होती आणि फटींतून, जिथून जमेल तिथून, बाहेर झिरपत होती.

सिलिंडरच्या पंख्यांनी, म्हणजे फिन्सनी, तेच सांगितलं. पुढून चांदीसारख्या, मागून तेल भाजून तपकिरी. प्लगचं टोक पांढरट. प्लग कॅपचं रबर मागच्या बाजूने कडक. बॅटरी पॅकचं प्लास्टिकचं आवरण सायलेन्सरच्या बाजूने आक्रसलेलं. हे सगळ्यात गंभीर, कारण तो इग्निशनचा पॅक होता. आणि पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या मुळापासून १५ मिमीवर. एवढ्या जवळ नळीत वाफेचे बुडबुडे होणारच, आणि इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल वाफ व्हायला अधिकच उतावीळ असतं.

सिलिंडर काढला. पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूने उभे बारीक ओरखडे, पण बोटाच्या नखाला न अडकणारे. रिंग मोकळी. आणखी दोन मिनिटं ओढलं असतं तर पिस्टन धरला असता.

आता मापं घेतली. आत यायचं तोंड ३६ चौरस सेंटीमीटर. बाहेर पडायचं तोंड नकाशावर ९० होतं. त्यातून सायलेन्सरचं नळकांडं वजा, बॅटरीचा ट्रे वजा, स्पंज वजा: उरले २८. आत ३६, बाहेर २८.

नियम उलटा आहे. बाहेरचं तोंड आतल्याच्या निदान दुप्पट, आमच्या मते खानदेशाच्या उन्हाळ्यात तिप्पट हवं. हवा सिलिंडरवरून जाताना तापते, फुगते, तिला जास्त जागा लागते. आणि बाहेर पडायला वाट नसेल तर आत येणारी हवाही तोंडाशीच थबकते आणि बाजूने निघून जाते. जळगाव-भुसावळकडच्या कुणाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. खिडकी-दार लावून कूलर सुरू केला तर पंखा कितीही जोरात फिरो, खोलीत दमट कोंडतं. समोरची खिडकी उघडली की गारवा वाहतो. मामाच्या घरी ही गोष्ट शेंबडं पोरही जाणतं. काऊलच्या बाबतीत मात्र पहिला विचार आला तो पुढचं तोंड मोठं करायचा. ते कापलं असतं तर विमानाचं रूपही गेलं असतं आणि ताप तसाच राहिला असता.

असल हरिकेनमध्येही पोटाखालच्या रेडिएटरचं पुढचं तोंड कायमचं ठरलेलं आहे. वैमानिक कमी-जास्त करतो तो मागचा फ्लॅप, म्हणजे बाहेर पडायची वाट. पालमला पोटाखालून पाहायचं ते यासाठी.

सलाईनच्या नळीने घेतलेलं माप

अंदाजावर कापाकापी करण्याआधी एक स्वस्त चाचणी झाली. औषधाच्या दुकानातून सलाईनची नळी घेतली, यू आकारात पट्टीवर चिकटवली, आत रंगीत पाणी. एक टोक सिलिंडरच्या पुढे, दुसरं सिलिंडरच्या मागे. पाण्याच्या दोन पातळ्यांतला फरक म्हणजे सिलिंडरवरून हवा ढकलणारा जोर. तोच शून्याजवळ असेल तर हवा सिलिंडरमधून जातच नाही. प्लगखाली तापमानाचा वॉशरसारखा सेन्सर बसवला आणि टेलिमेट्रीवर, म्हणजे रिमोटवर येणाऱ्या आकड्यांत, वाचला. विमान मागून खुंटाला दोरखंडाने बांधलेलं, आणि प्रॉपच्या रेषेत माणूस नाही, बाजूलाही नाही. पाहुण्यांना दोरीच्या पलीकडे ठेवणं हे चाचणीचं सगळ्यात अवघड काम ठरलं.

सकाळी २७ अंशांत, पूर्ण थ्रॉटलवर, आहे तशा काऊलमध्ये पाण्याचा फरक ४ मिमी. हेडचं तापमान दोन मिनिटांत १६८ अंश आणि चढतंच, म्हणून बंद केलं. नुसता बॅटरीचा ट्रे काढला: फरक ९ मिमी, तापमान १४९ वर रेंगाळलं. ट्रे काढणं ही अर्धी दुरुस्ती होती, आणि तिला एक कात्रीसुद्धा लागली नाही.

दुरुस्ती: हवा

पहिलं काम बॅफल. दीड मिमी लाइट प्लायची भिंत, आत आलेल्या सगळ्या हवेला सिलिंडरच्या फिन्समधूनच जायला लावणारी. कागदाचा साचा आधी कापायचा. चार-पाच साचे फुकट जातातच. फिन्स आणि प्लाय यांच्यात ५ ते ६ मिमी फट. त्याहून कमी ठेवली तर इंजिनाच्या थरथरीने लाकूड घासतं, जास्त ठेवली तर हवा फिन्स सोडून फटीतून पळते. बॅफल मागे वळून सिलिंडरला अर्धवट कवेत घेतो. मागच्या फिन्सवर हवा चिकटून राहते ती यामुळेच, आणि तपकिरी झालेल्या त्याच होत्या. आतून पातळ ॲल्युमिनियमची पन्नी, कडांना सिलिकॉनचा जाड धागा.

दुसरं काम बाहेरची वाट, आणि इथे इतिहासाने हात दिला. वाळवंटात आणि आपल्याकडे आलेल्या हरिकेनना नाकाखाली धुळीसाठी व्होक्सच्या फिल्टरची फुगीर पेटी बसवलेली असे. मामाने ती आधी केली नव्हती. नाकाची रेघ बिघडते असं त्याचं मत. आता ती काचकापड आणि एपॉक्सीची पोकळ केली, पुढून बंद, मागून उघडी, आणि तिच्या आत काऊलचा तळ कापून टाकला. मागच्या कडेला १२ मिमीचा ओठ खाली वाकवला. वाहत्या हवेत अशा ओठाच्या मागे दाब कमी होतो आणि तो आतली हवा ओढून घेतो. सायलेन्सर वजा जाता बाहेरचं तोंड आता १०५ चौरस सेंटीमीटर. विमान पाहणाऱ्याला हे भोक दिसत नाही, फिल्टर दिसतो, आणि तो आराकानच्या हरिकेनवर असायलाच हवा होता.

तिसरं काम छोटं पण विसरायचं नाही. कार्ब्युरेटरच्या डायफ्रामच्या झाकणावर एक बारीक छिद्र असतं, बाहेरचा दाब ओळखण्यासाठी. काऊलमधला दाब वेगाबरोबर बदलतो आणि मिश्रण डोलतं. जमिनीवर सुरेख चालणारं इंजिन हवेत लहरी होतं ते बहुधा यामुळे. छिद्रावर पितळेची ३ मिमी नळी झाळली आणि रबरी नळीने फायरवॉलच्या मागे, धडाच्या शांत हवेत नेली. झाळताना झाकण सुटं करून डायफ्राम बाजूला ठेवायचा, नाहीतर तो उष्णतेने जातो.

पेट्रोलची नळी फायरवॉलच्या दुसऱ्या बाजूने फिरवली, सायलेन्सरपासून ६० मिमी लांब. इंधन ई-२० च ठेवलं, कारण पंपावर तेच मिळतं. फक्त दोन आठवड्यांहून जुनं वापरायचं नाही आणि दिवस संपला की टाकी आणि कार्ब्युरेटर कोरडा करायचा. हाय निडल त्याच पेट्रोलवर, त्याच उन्हात, नव्याने लावली: पूर्ण थ्रॉटलला सर्वाधिक फेरे शोधायचे आणि तिथून दीडशे ते दोनशे फेरे उतरतील इतकी उघडायची.

नंतरची मोजणी: पाण्याचा फरक १८ मिमी. सकाळी हेड १२८ अंशांवर स्थिर. संध्याकाळी ४१ अंशांत १४३ वर स्थिर.

बॅटरी कुठे गेल्या

पॅक वर, फायरवॉलच्या मागच्या पेटीत गेले. आधी ते गुरुत्वमध्याच्या ३३० मिमी पुढे होते, आता १९०. म्हणजे ३२० ग्रॅम १४० मिमी मागे सरकले. गुणाकार ४४,८००, त्याला ११,६०० ग्रॅमने भागलं की सीजी जवळपास ४ मिमी मागे. भरून काढायचं तर ३६० मिमी पुढच्या जागी १२४ ग्रॅम शिसं हवं. मामा शिसं वितळवायला बसलाही होता. पण मागचं चाक गुरुत्वमध्याच्या ११५० मिमी मागे आहे. तिथले ३९ ग्रॅम कमी केले तरी तोच हिशेब. पोलादी काटा आणि भरीव रबराचं चाक काढून ड्युरालचा काटा आणि फोमचं चाक बसवलं: ४२ ग्रॅम वाचले. विमान जड करण्याऐवजी हलकं झालं. हे गणित काऊल करण्याआधी, शेपूट बांधतानाच मांडलं असतं तर तो ट्रे जन्माला आलाच नसता.

उपटलेला पाय

उपटलेली प्लेट हातात घेतली तेव्हा तिची खालची बाजू काचेसारखी चकाकत होती. लाकडाचा एक तंतू तिला चिकटलेला नव्हता. गोंदाचा जोड तुटतो तेव्हा लाकूड फाटलं पाहिजे. इथे लाकूड शाबूत आणि गोंद सुटलेला. कारणं तीन, एकावर एक. प्लाय घासलेलं नव्हतं, कारखान्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावरच लावलेलं. एपॉक्सी पाच मिनिटांचं, घाईत. आणि विमान दुपारभर बंद गाडीत उन्हात होतं. खोलीच्या तापमानाला सुकवलेलं साधं एपॉक्सी पन्नास-साठ अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतं, आणि वैशाखात बंद गाडी सहज तिथे पोहोचते. ढेकूळ निमित्त झालं. चांगल्या जोडाचा पाय कदाचित वाकला असता, पण पंख चिरून निघाला नसता.

नवी प्लेट ६ मिमी बर्चची, दोन्ही पृष्ठभाग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवे-उभे घासून स्पिरिटने पुसलेले. चोवीस तासांचं लॅमिनेटिंग एपॉक्सी, त्यात कापसाचे कातरलेले तंतू मिसळून श्रीखंडासारखं घट्ट केलेलं. कापूस खानदेशात विकत आणावा लागत नाही, पण सरकीचा तेलकट कण राहता कामा नये. वैद्यकीय कापूस बारीक कातरला तो बरा. प्लेट रिबमध्ये खाचून बसवली, प्रत्येक रिबला ६ मिमी गोल लाकडी खुंटी. रिबच्या दोन्ही अंगांना दीड मिमी प्लायचे गाल, मुख्य स्पारपर्यंत (पंखाच्या मुख्य दांड्यापर्यंत). रिट्रॅक्ट युनिटला (चाक आत-बाहेर करणाऱ्या यंत्रणेला) एम-४ चे चार बोल्ट, मागून ब्लाइंड नट. पण मागचे दोन बोल्ट नायलॉनचे. पुन्हा ढेकूळ लागलंच तर ते आधी तुटावेत. जोड सुकल्यावर पंख पत्र्याच्या छताखालच्या खोलीत दोन दुपारी ठेवून मुरवला. एपॉक्सीला सावकाश ऊब दिली की त्याची उष्णता सहन करायची कुवत वाढते. छतानेच भट्टीचं काम केलं.

गाडीच्या काचांना आता चांदीचे पडदे आणि विमानावर पांढरी चादर असते. गडद हिरव्या-तपकिरी रंगाचा पंख उन्हात हात ठेववणार नाही इतका तापतो, नुसता उभा असताना.

पुन्हा तेच ऊन

पुढचं उड्डाण मुद्दाम त्याच वेळी ठेवलं: मे अखेर, संध्याकाळी पाच, ४३ अंश. सकाळी उडवून "दुरुस्त झालं" म्हणणं म्हणजे थंडीत कूलर विकत घेऊन चालतो का पाहणं. पाहुणे नव्हते. जमिनीवर आयडल चाळीस सेकंद, त्याहून जास्त नाही. आठ मिनिटं उड्डाण, मध्ये अडीच मिनिटं सलग पूर्ण थ्रॉटल. हेडचं सर्वोच्च तापमान १५१, चढताना. सरळ उडताना १३८ ते १४२. भाच्याने टेलिमेट्रीचा इशारा १६० वर लावला आहे आणि इशारा झाला तर थ्रॉटल अर्धा करून पट्टीवर यायचं, कारण शोधत बसायचं नाही, असं ठरलं आहे. चाकांच्या स्विचला वेगळा उंच खटका बसवला आहे, बोटाला चुकून न लागणारा.

दोन गोष्टी राहिल्या. फिल्टरच्या पेटीच्या ओठामुळे वेगात नाक किंचित खाली जातं. एलिव्हेटरला (शेपटाच्या हलत्या पट्टीला) दोन खटके वर ट्रिम द्यावा लागतो, तो ओठ १२ वरून ८ मिमी करून पाहायचा आहे. आणि उतरल्यावर दहा मिनिटांत इंजिन पुन्हा सुरू केलं तर अजूनही अडखळतं. हवा थांबली की सिलिंडरची सगळी ऊब वर कार्ब्युरेटरकडे चढते. त्यावर सध्या उपाय एवढाच, की उतरलं की काऊलचं वरचं झाकण उघडायचं, विमान वाऱ्याकडे तोंड करून ठेवायचं आणि अर्धा तास बाभळीखाली बसायचं.

पहिल्या पावसानंतर ती पट्टी दोन महिने चिखलात जाते. तेवढ्यात फिल्टरच्या पेटीला रंग द्यायचा आहे, ती अजून प्राइमरवरच आहे.